भिंग, आरसा आणि कार्यशाळा : दुर्बिणीच्या प्रकारांचा ऐतिहासिक मागोवा

बीजसंज्ञा : अपवर्तक दुर्बीण, परावर्तक दुर्बीण, अवर्णक भिंग, आरसाधातू, रेडिओ दुर्बीण, कारागिरी

प्रस्तावना

दुर्बिणीचा इतिहास सामान्यतः नामावलीच्या रूपाने सांगितला जातो. लिपरशेने ती तयार केली, गॅलिलिओने आकाशाकडे वळवली, न्यूटनने भिंगाच्या जागी आरसा बसवला, हर्शेलने ती मोठी केली आणि हबलने तिच्यातून दूरच्या दीर्घिका ओळखल्या, अशी मांडणी पाठ्यपुस्तकांतून रूढ झाली आहे. ही मांडणी चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. दुर्बिणीच्या बहुतेक नव्या प्रकारांची कल्पना त्यांच्या यशस्वी निर्मितीच्या कितीतरी आधी कागदावर उतरलेली होती. कल्पना आणि निर्मिती यांमधला हा काळ कधी दहा वर्षांचा, तर कधी शंभर वर्षांहूनही अधिक होता. तो काळ सिद्धान्ताच्या शोधात गेला नाही. तो काच वितळवण्यात, धातू ओतण्यात आणि पृष्ठभाग घासण्यात गेला. कोणत्या काळात कोणत्या प्रकारची दुर्बीण वरचढ ठरली, हे प्रकाशशास्त्राने जेवढे ठरवले त्याहून अधिक त्या त्या काळातील कार्यशाळेने ठरवले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हा प्रश्न केवळ युरोपच्या इतिहासापुरता मर्यादित नाही. पुण्यात १८८८ साली उभ्या राहिलेल्या आणि पुढे चोवीस वर्षांतच बंद पडलेल्या वेधशाळेचा अर्थ लावतानाही तोच प्रश्न समोर येतो.

चष्मेवाल्याच्या दुकानातून

चष्म्यांचा वापर युरोपात तेराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. पंधराव्या शतकात बहिर्गोल आणि अंतर्गोल अशी दोन्ही भिंगे बाजारात उपलब्ध होती. असे असूनही दोन भिंगे एका नळीत बसवून दूरची वस्तू जवळ आणण्याची युक्ती प्रत्यक्षात येण्यास १६०८ साल उजाडले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या प्रारंभी मिडलबर्ग येथील चष्मे तयार करणारा हान्स लिपरशे याने नेदरलँड्सच्या शासनाकडे एकस्वासाठी अर्ज केला. काही दिवसांतच याकोब मेटियस यानेही तसाच दावा मांडला आणि ही युक्ती अनेकांना ठाऊक असल्याच्या कारणावरून एकस्व नाकारले गेले. लिपरशेला मात्र दोन डोळ्यांनी पाहता येईल अशी उपकरणे तयार करण्याबद्दल भरघोस मोबदला मिळाला. इतका विलंब का झाला, याचे उत्तर काचेच्या दर्जात शोधावे लागते. चष्म्याचे भिंग वाचनापुरते चांगले असले तरी त्याच्या कडेचा भाग ओबडधोबड असे. चष्म्यातून पाहताना डोळा एका वेळी भिंगाचा लहानसा भागच वापरतो, त्यामुळे हा दोष जाणवत नाही. दुर्बिणीत मात्र संपूर्ण भिंगातून आलेला प्रकाश एकत्र येतो आणि प्रतिमा धूसर होते.

गॅलिलिओचे वेगळेपण येथेच दिसते. १६०९ च्या उन्हाळ्यात त्याने तिप्पट विशालनाची दुर्बीण केली, ऑगस्टमध्ये व्हेनिसच्या राज्यकर्त्यांना आठपट विशालनाची दाखवली आणि वर्ष संपेपर्यंत वीसपटीपर्यंत मजल मारली. त्याच सुमारास एका पत्राच्या मागे त्याने लिहून ठेवलेली खरेदीची यादी उपलब्ध आहे. तीत तांदूळ आणि हरभऱ्यांसारख्या घरगुती जिनसांच्या सोबतीला तोफेचे गोळे, ऑर्गन या वाद्याची कथलाची नळी, जर्मन काच आणि डांबर यांची नोंद आहे. तोफेचे गोळे युद्धासाठी नव्हते. भिंगाला गोलाकार देण्यासाठी ते उपयोगी पडत. गुरूच्या चार उपग्रहांचा शोध जानेवारी १६१० मध्ये लागला तो या यादीच्या बळावर, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. गॅलिलिओने साठांहून अधिक दुर्बिणी घडवल्या, पण हे उपग्रह दाखवू शकतील अशा त्यांत मोजक्याच निघाल्या. इंग्लंडमध्ये टॉमस हॅरिअट याने १६०९ च्या जुलैमध्ये, म्हणजे गॅलिलिओच्या आधीच, दुर्बिणीतून चंद्राचे रेखाटन केले होते. परंतु त्याचे साधन सहापट विशालनाचे होते आणि त्या रेखाटनात चंद्रावरील डोंगर स्पष्ट होत नाहीत.

गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याजवळचे भिंग अंतर्गोल होते. प्रतिमा सुलट दिसे, परंतु दृष्टिक्षेत्र इतके अरुंद असे की पूर्ण चंद्रही एका वेळी मावत नसे. योहानेस केप्लर याने १६११ मध्ये दोन्ही भिंगे बहिर्गोल घेण्याची रचना मांडली. प्रतिमा उलटी झाली तरी दृष्टिक्षेत्र विस्तारले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रतिमा नळीच्या आतच तयार होत असल्याने त्या जागी बारीक तंतू ताणून मोजमाप करणे शक्य झाले. विल्यम गॅस्कॉइन याने १६४० च्या सुमारास अशी योजना केली आणि दुर्बीण हे पाहण्याबरोबरच मोजण्याचेही साधन बनले.

लांबीचा हव्यास

एकाच भिंगाच्या दुर्बिणीत दोन दोष अटळ होते. गोलाकार पृष्ठभागामुळे सर्व किरण एका बिंदूत येत नाहीत आणि निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या अंतरांवर एकवटतात, त्यामुळे तेजस्वी वस्तूभोवती रंगीत झालर दिसते. भिंगाची वक्रता अगदी कमी ठेवली तर दोन्ही दोष सौम्य होतात. पण मग नाभीय अंतर प्रचंड वाढते. सतराव्या शतकातील खगोलज्ञांनी हा मार्ग पत्करला. क्रिस्तियान हायगेन्स याने १६५५ मध्ये शनीचा टायटन हा उपग्रह शोधला ती दुर्बीण बारा फुटांची होती. डान्झिग येथील योहानेस हेवेलियस याची सर्वांत मोठी दुर्बीण दीडशे फुटांची झाली. खांबावरून दोरखंडांनी टांगलेला हा सांगाडा वाऱ्याने डोलत असे, लाकूड वाकत असे आणि दमट हवेत दोर आखडत असत. हायगेन्सने तर नळीच काढून टाकली आणि उंच खांबावरील भिंग व हातातील नेत्रिका यांना केवळ एका दोरीने जोडले. हा कालखंड विनोदी वाटतो खरा, परंतु उपलब्ध काचेतून जे मिळवता येईल ते सर्व मिळवण्याची ती प्रामाणिक धडपड होती.

आरशाची वाट आणि आरसाधातू

आरसा सर्व रंगांचे परावर्तन सारखेच करतो. त्यामुळे आरशाची दुर्बीण रंगदोषापासून मुक्त असणार, हे तत्त्व अनेकांना उमगले होते. स्कॉटलंडच्या जेम्स ग्रेगरी याने १६६३ मध्ये दोन वक्र आरशांची रचना प्रसिद्ध केली. परंतु लंडनमधील नावाजलेल्या भिंगकारांकडूनही त्याला हवे तसे आरसे घडवून मिळाले नाहीत आणि त्याने तो नाद सोडला. न्यूटनचे यश समजून घेताना हा तपशील दुर्लक्षून चालत नाही. न्यूटनने १६६८ मध्ये केलेली दुर्बीण जेमतेम वीतभर लांबीची होती. तिचा मुख्य आरसा गोलीय होता आणि दुसरा आरसा सपाट होता. रचना ग्रेगरीच्या तुलनेत साधी होती, आणि घडवणारे हात स्वतः न्यूटनचे होते. मिश्रधातू त्याने स्वतः ओतला, डांबरावर आरसा घासून झिलई देण्याची रीतही त्याने स्वतः बसवली. सिद्धान्तकार आणि कारागीर एकाच व्यक्तीत असल्यामुळे परावर्तक दुर्बीण जन्माला आली.

आरशासाठी वापरला जाणारा धातू म्हणजे सुमारे दोन भाग तांबे आणि एक भाग कथील यांचे मिश्रण. त्याला येथे आरसाधातू म्हटले आहे. घंटेच्या काशाशी त्याचे जवळचे नाते असले तरी कथिलाचे प्रमाण अधिक असल्याने तो पांढुरका आणि काचेसारखा ठिसूळ होतो. ताज्या झिलईतही तो पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे दोन तृतीयांश प्रकाशच परत फेकतो आणि दमट हवेत लवकर काळवंडतो. काळवंडलेला आरसा पुन्हा घासला की त्याचा आकारही पुन्हा नव्याने साधावा लागतो. यामुळेच न्यूटननंतर सुमारे पन्नास वर्षे हा प्रकार कुतूहलाचा विषय होऊन राहिला. जॉन हॅडली याने १७२१ मध्ये सहा इंच व्यासाचा अन्वस्त आकाराचा आरसा लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवला, तेव्हा कुठे परावर्तक दुर्बीण लांब अपवर्तक दुर्बिणींच्या बरोबरीला आली.

विल्यम हर्शेल हा व्यवसायाने संगीतकार होता आणि आरसे घडवण्याचे काम त्याने घरातच शिकून घेतले. एकदा आरसा घासणे सोळा तास अखंड चालू राहिले तेव्हा बहीण कॅरोलिन त्याला घास भरवत होती. ऑगस्ट १७८१ मध्ये बाथ येथील घराच्या तळघरात तीन फूट व्यासाचा आरसा ओतताना घोड्याच्या लिदीपासून केलेला साचा फुटला, तापलेला रस फरशीवर सांडला आणि फरशीचे दगड तडतडून उडाले. त्याच वर्षी १३ मार्च रोजी युरेनसचा शोध लागला होता, तो केवळ सव्वासहा इंचाच्या आसपास व्यासाच्या आरशातून. पुढे राजाश्रयावर १७८९ मध्ये पूर्ण झालेली चाळीस फूट लांबीची आणि चार फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण जगप्रसिद्ध झाली. परंतु ती हलवणे जिकिरीचे होते आणि आरसा वारंवार काळवंडे. हर्शेलचे बहुतांश वेध वीस फुटी दुर्बिणीतून घेतलेले आहेत. सर्वांत मोठे साधन हे सर्वांत उपयोगी साधन असतेच असे नाही, याचे हे ठळक उदाहरण.

आयर्लंडमधील बर येथे लॉर्ड रॉस याने आरसाधातूची परिसीमा गाठली. सहा फूट व्यासाचा, सुमारे तीन टन वजनाचा आरसा त्याने आपल्या जहागिरीतच ओतला आणि स्थानिक कामगारांकडून, वाफेच्या यंत्राच्या साहाय्याने घासून घेतला. १८४५ मध्ये या दुर्बिणीतून एका अभ्रिकेची सर्पिल रचना प्रथमच दिसली. एक आरसा झिलईसाठी काढला की दुसरा बसवावा लागे, म्हणून दोन आरसे ठेवावे लागत. त्याच वर्षी आयर्लंडमध्ये दुष्काळाचा प्रारंभ झाला आणि रॉसचे लक्ष वेधांऐवजी मदतकार्याकडे वळले.

काचेचे पुनरागमन

रंगदोष भिंगातून काढणे अशक्य आहे, असा निष्कर्ष न्यूटनने काढला होता. त्याच्या अधिकारामुळे तो बराच काळ प्रमाण मानला गेला. चेस्टर मूर हॉल या वकिली पेशाच्या गृहस्थाने १७३० च्या सुमारास क्राउन काचेचे बहिर्गोल आणि फ्लिंट काचेचे अंतर्गोल भिंग एकत्र ठेवून तो खोटा ठरवला. गुप्तता राखण्यासाठी त्याने ही दोन भिंगे दोन वेगवेगळ्या भिंगकारांकडे सोपवली. पण दोघांनीही काम जॉर्ज बास या एकाच कारागिराकडे पाठवले, असे सांगितले जाते. अवर्णक भिंगाचे एकस्व मात्र १७५८ मध्ये जॉन डॉलंड याच्या नावे झाले. पुढे न्यायालयात वाद गेला तेव्हा शोध दडवून ठेवणाऱ्यापेक्षा तो लोकांपर्यंत नेणाऱ्याचा हक्क मोठा मानला गेला. बास या कारागिराचा या वादात कोणी विचार केला नाही.

अवर्णक भिंगाची युक्ती उघड झाली तरी भिंगाचा व्यास चार-पाच इंचांपुढे जाईना. फ्लिंट काचेत शिशाचे प्रमाण अधिक असते. वितळलेल्या काचेत ते खाली बसते आणि थंड झालेल्या काचेत लाटा व रेषा राहतात. हा अडथळा पिएर लुई गिनाँ या स्विस कारागिराने दूर केला. घंटा ओतणाऱ्यांच्या कामाशी परिचित असलेल्या या गृहस्थाने वितळलेली काच भाजक्या मातीच्या दांड्याने ढवळण्याची पद्धत बसवली. उपाय ऐकताना साधा वाटतो. तो सिद्ध होण्यासाठी त्याची अनेक वर्षे भट्टीपुढे गेली. १८०५ मध्ये तो बव्हेरियात आला आणि तेथे योसेफ फ्राउनहोफर याने त्याच्याकडून काचेची विद्या घेतली. फ्राउनहोफरने तिला मोजमापाची शिस्त लावली. १८२४ मध्ये डॉर्पाट येथे बसवलेली त्याची साडेनऊ इंची दुर्बीण घड्याळाच्या यंत्रणेने आकाशाच्या गतीबरोबर आपोआप फिरत असे. त्याच कार्यशाळेतील उपकरणाने फ्रीड्रिख बेसेल याने १८३८ मध्ये एका ताऱ्याचा पराशय मोजला आणि ताऱ्याचे अंतर प्रथमच विश्वासार्हपणे कळले.

एकोणिसावे शतक यामुळे मोठ्या भिंगांचे झाले. अमेरिकेतील अल्व्हन क्लार्क आणि त्याच्या मुलांनी घडवलेली भिंगे या परंपरेचा कळस होत. लिक वेधशाळेतील ३६ इंची (१८८८) आणि यर्किस वेधशाळेतील ४० इंची (१८९७) ही त्यांची अखेरची मोठी कामे. यर्किसपेक्षा मोठे भिंग नियमित वेधांसाठी पुन्हा कधीच वापरले गेले नाही. भिंगाला आधार केवळ कडेने देता येतो, त्यामुळे ते स्वतःच्या भाराने वाकते. शिवाय जाड काच प्रकाश शोषते. आरशाला मात्र संपूर्ण पाठीमागून आधार देता येतो.

चांदीचा मुलामा

आरसाधातूचा अखेरचा मोठा प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला. डब्लिनच्या टॉमस ग्रब याने तयार केलेली चार फूट व्यासाची दुर्बीण १८६९ मध्ये मेलबर्न येथे उभी राहिली. आरसा काळवंडत गेला आणि त्याला पुन्हा झिलई देण्याचे कसब असणारे कारागीर समुद्रापार राहिले. त्या दुर्बिणीकडून ज्या अपेक्षा होत्या त्या पूर्ण झाल्या नाहीत. वास्तविक तोपर्यंत पर्याय उपलब्ध झाला होता. युस्टुस लीबिख याच्या रासायनिक पद्धतीने काचेवर चांदीचा अत्यंत पातळ थर बसवता येतो, याचा उपयोग १८५६-५७ च्या सुमारास जर्मनीत कार्ल श्टाइनहाइल आणि फ्रान्समध्ये लेओं फूको यांनी दुर्बिणीच्या आरशासाठी केला. चांदी काळवंडली तर ती धुऊन नवा थर द्यायचा. खालच्या काचेचा आकार अबाधित राहतो. फूकोने सुरीच्या धारेने आरशातील सूक्ष्म दोष पारखण्याची कसोटीही शोधली. ती आजही हौशी दुर्बीणकारांच्या घराघरांत वापरली जाते.

यानंतरची वाटचाल सुपरिचित आहे. माउंट विल्सनवरील ६० इंची (१९०८) आणि १०० इंची (१९१७) दुर्बिणी काचेच्या आरशांच्या. यांपैकी दुसरीसाठी फ्रान्सहून आलेल्या काचेत हवेचे बुडबुडे होते आणि ती नाकारण्याचा विचार झाला होता. एडविन हबल याने १९२३ मध्ये देवयानी दीर्घिकेतील चलतारा ओळखला तो याच आरशाच्या साहाय्याने. पालोमार येथील २०० इंची आरसा (१९४८) कमी प्रसरणाच्या पायरेक्स काचेचा आणि चांदीऐवजी ॲल्युमिनियमच्या थराचा आहे. पुढे अखंड आरशालाही मर्यादा पडली, तेव्हा १९९३ मध्ये कार्यरत झालेल्या केक दुर्बिणीत ३६ षटकोनी खंडांतून दहा मीटरचा आरसा साधला गेला. डिसेंबर २०२१ मध्ये अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा ६.५ मीटरचा आरसाही बेरिलियमच्या १८ खंडांचा आहे.

कार्यशाळेचे महत्त्व यंत्रयुगातही ओसरले नाही. १९९० मध्ये कक्षेत गेलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा अत्यंत काटेकोरपणे घासलेला होता, पण चुकीच्या आकारात. आरसा तपासणाऱ्या उपकरणातील एक भिंग सुमारे १.३ मिलिमीटर सरकलेले होते. साध्या उपकरणांनी केलेल्या अन्य चाचण्यांत दोष दिसला होता. तथापि अधिक अचूक मानलेल्या उपकरणावरच विश्वास ठेवला गेला. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्ती केली.

पुणे, उदकमंडलम्, खोडद

मेलबर्नला दुर्बीण पाठवणाऱ्या ग्रब यांच्याच कार्यशाळेतील एक दुर्बीण पुण्यात आली. कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या प्रयत्नांतून, भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या साहाय्यातून पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजेच पुढील काळातील अभियांत्रिकी महाविद्यालयात, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा १८८८ मध्ये सुरू झाली. पुढे वीस इंची म्हणून ओळखली गेलेली येथील परावर्तक दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यासाठी नायगमवाला यांनी जेऊर येथे मोहीम नेली. ग्रहणासाठी तेथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे पथकही आले होते. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा मोडून साधने कोडाईकनालला रवाना झाली. या घटनेकडे सरकारी अनास्थेचे उदाहरण म्हणून पाहता येते. परंतु विदेशातून आलेले उत्तम साधन, ते चालवणारी एक जाणती व्यक्ती आणि तिच्याभोवती ना विद्यार्थ्यांची परंपरा ना कार्यशाळा, हे चित्र अधिक बोलके आहे. साधन एका माणसाच्या सेवाकाळाइतकेच टिकले.

रेडिओ दुर्बिणीच्या क्षेत्रात घडलेला इतिहास याच्या नेमका उलट आहे. कार्ल जान्स्की याला १९३० च्या दशकाच्या प्रारंभी आकाशगंगेकडून येणाऱ्या रेडिओ लहरी आढळल्या आणि ग्रोट रेबर याने १९३७ मध्ये आपल्या अंगणात साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी स्वतः उभारली. भारतात गोविंद स्वरूप यांच्या गटाने १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याण येथे पहिली रेडिओ दुर्बीण उभी केली, ती ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या लहान तबकड्यांची. येथवरची कथा पुण्याच्या वेधशाळेसारखीच आहे. मात्र पुढचे पाऊल वेगळे पडले. उदकमंडलम् म्हणजे उटी येथे १९७० मध्ये ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अन्वस्त पन्हाळीच्या आकाराची दुर्बीण पूर्ण झाली. त्या स्थळाच्या अक्षांशाइतकाच, सुमारे अकरा अंशांचा उतार असलेली टेकडी शोधून तिच्यावर दुर्बीण आडवी टाकल्यामुळे तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला. परिणामी ताऱ्याचा मागोवा घेण्यासाठी ती केवळ एकाच अक्षाभोवती फिरवणे पुरेसे ठरले. भूगोलाचाच यंत्राचा भाग म्हणून वापर करणारी ही रचना परदेशी नमुन्याची नक्कल नव्हती.

नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत हीच दृष्टी पुढे गेली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांतील चौदा मध्यवर्ती भागात आणि उर्वरित सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या आकारातील तीन बाहूंवर, सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात. लांब तरंगलांबीच्या लहरींना पत्र्याचा अखंड पृष्ठभाग लागत नाही. छिद्रे तरंगलांबीच्या तुलनेत बारीक असली की जाळी पुरते. म्हणून पोलादी दोरखंडांच्या चौकटीवर बारीक तारांची जाळी ताणून अन्वस्त आकार साधला गेला. वारा जाळीतून निघून जातो, भार घटतो, लोखंड कमी लागते आणि खर्च आवाक्यात राहतो. २००२ पासून ही दुर्बीण जगभरच्या खगोलज्ञांना खुली झाली आणि २०१९ पर्यंत तिचे मोठे नूतनीकरण पूर्ण झाले.

प्रकाशीय दुर्बिणींच्या बाबतीत मात्र हे सातत्य आढळत नाही. कावलूर येथील २.३४ मीटरच्या वेणू बाप्पू दुर्बिणीचा (१९८६) आरसा, काच जर्मन असली तरी, बंगळूरमध्येच घासला गेला होता. त्यानंतर उभ्या राहिलेल्या हानले आणि गिरवली (२००६) येथील दोन मीटरच्या आणि देवस्थळ (२०१६) येथील ३.६ मीटरच्या दुर्बिणी अनुक्रमे अमेरिका, ब्रिटन आणि बेल्जियम येथील कार्यशाळांतून आल्या. कावलूरच्या आरशावर ज्यांनी हात बसवला, त्यांच्या पुढच्या पिढीला तेवढे मोठे काम मिळण्यास तीन दशकांहून अधिक काळ जावा लागला. नियोजित तीस मीटर दुर्बिणीच्या आरशाचे काही खंड घासण्यासाठी बंगळूरजवळ होसकोटे येथे स्वतंत्र कार्यशाळा उभारण्यात आली, ती २०२० मध्ये.